दोष बॅटरीचा की आणखी कोणाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या आणि त्याचा मित्र मोटारसायकलवरून कोल्हापूरहून गोव्याला निघाले. आजऱ्यावरून आंबोलीला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. जुलै महिना, घाटाचा रस्ता आणि समोरचे काही दिसू नये असे दाट धुके! घाट उतरत असतानाच गाडीच्या पुढच्या दिव्याचा प्रकाश पिवळा पडू लागला. हॉर्न दाबला तर तो वाजण्याऐवजी कण्हू लागला. कसेबसे सावंतवाडी गाठून त्यांनी गाडी बंद केली. पुन्हा सुरू करण्यासाठी बटण दाबले, तर नुसतेच 'टक् टक्'.

तेथील मेकॅनिकने निदान केले, "बॅटरी गेली." सकाळी नवी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी बसवून दोघे पुढे निघाले. सुमारे दीड तास गाडी छान चालली. पणजी मागे टाकून वेर्ण्याजवळ आले आणि गाडी पुन्हा बंद पडली. मला दूरध्वनी आला, "काका, नवी बॅटरीसुद्धा खराबच निघाली!"

मी त्याला तीन प्रश्न विचारले. बॅटरीवर किती अँपिअर-तास लिहिले आहे? गाडीत कोणकोणते दिवे किती वॅटचे आहेत? आणि नवी बॅटरी नेमकी किती वेळ चालली? त्याच्या उत्तरांवरून, गाडी न पाहताच, एक गोष्ट मला जवळजवळ खात्रीने सांगता आली : बॅटरी निर्दोष आहे. हे कसे कळले, ते तुम्हालाही गणिताने ठरवता येईल.

विजेचा जमाखर्च

बॅटरी ही विजेची विहीर नव्हे, ती टाकी आहे. टाकीत जेवढे पाणी ओतावे तेवढेच बाहेर काढता येते. पुतण्याच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची व ८ अँपिअर-तासांची होती. याचा अर्थ, १ अँपिअर प्रवाह घेतला तर ती सुमारे ८ तास पुरेल, २ अँपिअर घेतला तर सुमारे ४ तास. प्रत्यक्षात मोठा प्रवाह घेतल्यास ती याहूनही थोडी कमीच पुरते. पण आपण तिला पुरते ८ गुण देऊ.

आता खर्च पाहू. पुढचा दिवा ५५ वॅटचा. मागचा दिवा व किरकोळ दिवे मिळून १० वॅट. ठिणगी पाडणारी यंत्रणा आणि पेट्रोल पुरवणारा पंप यांचे मिळून सुमारे ६० वॅट. एकूण १२५ वॅट. सकाळच्या उजेडात पुढचा दिवा कशाला जळत होता, असे तुम्ही विचाराल. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर इंजिन चालू असेपर्यंत पुढचा दिवा आपोआप पेटलेला राहतो. तेव्हा हा खर्च दिवसाही टळत नाही.

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून १२५ भागिले १२, म्हणजे सुमारे १०.४ अँपिअर प्रवाह सतत लागतो. दीड तासाचा खर्च झाला १०.४ × १.५, म्हणजे १५.६ अँपिअर-तास. बॅटरीजवळ तर मुळात ८ च होते! मग उरलेले ७.६ आले कोठून?

ते आले गाडीच्या जनित्राकडून. गाडीची नेहमीची वीज जनित्रच पुरवत असते. बॅटरीचे काम इंजिन सुरू करून देणे आणि गाडी हळू चालत असताना पडलेली तूट भरून काढणे, एवढेच. जनित्राने मुळीच वीज दिली नसती, तर नवी बॅटरी पाऊण तासातच रिकामी झाली असती. त्याने पूर्ण वीज दिली असती, तर बॅटरी रिकामी झालीच नसती. ती दीड तास टिकली. अर्थात जनित्राची वीज निम्मीच पोहोचत होती. आता शोध बॅटरीचा नव्हे, हरवलेल्या निम्म्या विजेचा घ्यायचा!

वीज तयार होते कोठे?

मायकेल फॅरडे या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला म्हणजे वेटोळ्यात विद्युत् प्रवाह निर्माण होतो. मोटारसायकलचे जनित्र याच तत्त्वावर चालते. इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर एक वाटीसारखे चाक बसवलेले असते. त्याच्या आतल्या कडेला उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने येतील असे चुंबक असतात. वाटीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर बसवलेली असतात. मेकॅनिक लोक यांना 'मॅग्नेट' आणि 'कॉइल' म्हणतात.

वेटोळ्यासमोरून एकदा उत्तर ध्रुव जातो, मग दक्षिण. म्हणून प्रवाहाची दिशाही सारखी उलटसुलट होते. हा झाला प्रत्यावर्ती प्रवाह. समजा चाकावर १२ ध्रुव आहेत, म्हणजे ६ जोड्या. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. दर फेऱ्याला ६ आवर्तने, म्हणून सेकंदाला ३०० आवर्तने. तुमच्या घरातील विजेची आवर्तने सेकंदाला ५० च असतात.

लांबच्या प्रवासाच्या बहुतेक मोटारसायकलींत वेटोळ्यांचे तीन गट असतात आणि त्यांतून तीन तारा बाहेर येतात. पुष्कळ गाड्यांत या तिन्ही तारा पिवळ्या असतात. एका गटातला दाब उतरत असतो, तेव्हा दुसऱ्यातला चढत असतो. त्यामुळे विजेचा पुरवठा अधिक सलग होतो. या तीन पिवळ्या तारा लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला चोर तेथेच लपला आहे.

रोखणारे आणि आवरणारे

बॅटरीला प्रत्यावर्ती प्रवाह चालत नाही. तिच्यात शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि पातळ केलेले गंधकाम्ल असते. वीज देताना त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि बाहेरून उलट दिशेने प्रवाह सोडला की ती क्रिया उलटते. गास्तोँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली अशी पुन्हा भरता येणारी बॅटरी प्रथम बनवली. प्रवाह सारखा उलटसुलट झाला, तर जेवढे भरले तेवढेच रिते होईल. म्हणून मध्ये डायोड बसवतात. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो, पण बाहेर येऊ देत नाही. डायोड प्रवाहाच्या बाबतीत तेच करतो. तीन तारांसाठी असे सहा डायोड लागतात.

आता दुसरी अडचण. इंजिन जितके वेगाने फिरेल, तितका जनित्राचा दाब वाढतो. तारा मोकळ्या सोडून मोजला, तर इंजिन संथ असताना तो २० व्होल्टच्या आसपास आणि वेगात ६० व्होल्टच्या वरही भरतो. बॅटरीला मात्र सुमारे १४ ते १४.५ व्होल्टच मानवतात. दाब १५ च्या पुढे गेला की बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू सुटू लागतात आणि बॅटरी आटते. म्हणून दाब आवरणारा रेग्युलेटर हवा. डायोड आणि रेग्युलेटर सहसा एकाच पंखेदार पेटीत असतात.

आवरण्याची अनेक गाड्यांतली रीत मोठी गमतीची आहे. बॅटरीचा दाब पुरेसा झाला की, ही पेटी जनित्राच्या तारा क्षणभर एकमेकींना जोडून टाकते. जास्तीचा प्रवाह बॅटरीकडे न जाता वेटोळ्यातल्या वेटोळ्यात फिरत राहतो. याचा एक परिणाम ध्यानात घ्या. तुम्ही दिवे लावा वा विझवा, त्या तीन पिवळ्या तारांतून मोठा प्रवाह चालूच असतो. त्यांना विश्रांती म्हणून नाहीच! पेटीला पंखे असतात तेही तिची उष्णता हवेत जावी म्हणूनच. सर्व गाड्यांत हीच रचना असते असे मात्र नाही. काही रेग्युलेटर जनित्राचे मंडळ तोडून दाब आवरतात.

अंदाज नको, मोजमाप हवे

पुतण्याने गाडी टेम्पोत घालून मडगावला नेली. तेथील वर्कशॉपवाल्या काकांनी एकही भाग बदलण्यापूर्वी मल्टिमीटर हातात घेतला. त्यांनी केलेल्या पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी बॅटरीची. त्यांनी ती आधी चार्जरवर पूर्ण भरून घेतली, कारण रिकाम्या बॅटरीवर पुढची मापे विश्वासार्ह येत नाहीत. तासभर तशीच ठेवून मोजली, तेव्हा दाब १२.७ व्होल्ट भरला. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे एवढेच दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धी रिकामी आणि १२ च्या खाली असेल तर बरीचशी रिकामी समजावी. मग त्यांनी स्टार्टरचे बटण दाबून दाब पाहिला. तो १० च्या खाली गेला नाही. बॅटरी निर्दोष सुटली.

दुसरी पायरी, इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवरचा दाब. मिनिटाला सुमारे ४००० फेऱ्यांना तो साडेतेरा ते साडेचौदा व्हावयास हवा. पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत जाते, तसा १२.७ व्होल्टच्या बॅटरीत प्रवाह शिरायचा तर बाहेरचा दाब जास्त हवा. येथे मीटरने १२.४ दाखवले आणि आकडा हळूहळू उतरत होता. म्हणजे बॅटरी भरत नव्हती, रिती होत होती.

तिसरी पायरी जनित्राची. तीन पिवळ्या तारा जेथे जोडल्या जातात तो प्लॅस्टिकचा जोड, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'कप्लर', त्यांनी इंजिन बंद करून सोडवला. जनित्राकडच्या तारांपैकी एकेक तार आणि गाडीचा सांगाडा यांच्यात कोठे जोड आहे का ते पाहिले, नव्हता. मग इंजिन चालू करून पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि तिसरी-पहिली या जोड्यांमधील प्रत्यावर्ती दाब मोजला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. वेटोळे जळले असते तर एखादी जोडी मागे पडली असती. जनित्रही निर्दोष!

चौथी पायरी डायोडांची. मल्टिमीटरच्या डायोड-चाचणीत प्रत्येक डायोड एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच जाऊ देत नाही. सहाही डायोड तसेच होते.

येथे पुतण्या गोंधळला. बॅटरी चांगली, जनित्र चांगले, डायोड चांगले. मग निम्मी वीज गेली कुठे? तुम्हीही क्षणभर थांबून विचार करा.

बिनप्रवाहाचा दाब फसवतो

वर्कशॉपवाल्या काकांनी कप्लर पुन्हा जोडला, इंजिन चालू केले आणि मीटरची एक सुई कप्लरच्या या बाजूच्या तारेला व दुसरी त्याच तारेच्या पलीकडच्या बाजूला लावली. एकाच तारेची दोन टोके! तेथे दाबातला फरक जवळजवळ शून्य यायला हवा. पहिल्या तारेवर ०.१ व्होल्ट, दुसरीवरही तेवढाच. तिसरीवर मात्र जवळजवळ २० व्होल्ट!

चोर सापडला. कप्लर उघडून पाहिला तर तिसऱ्या तारेची पिन काळी पडली होती, तिच्यावर हिरवट गंज चढला होता आणि भोवतीचे प्लॅस्टिक वितळले होते. तीनपैकी एक तार जवळजवळ तुटल्यासारखीच झाल्याने उरलेल्या दोन तारा एकाच गटासारखे काम करीत होत्या. म्हणूनच वीज निम्म्यावर आली होती. आपल्या जमाखर्चाचे उत्तर बरोबर निघाले!

मग हा दोष तिसऱ्या पायरीत का दिसला नाही? एक कारण उघड आहे. तेव्हा मोजणी जनित्राकडच्या बाजूस झाली. पण मीटर पिनच्या पलीकडे लावून मोजले असते, तरीही दाब जवळपास पुरताच दिसला असता. जॉर्ज ओहम याने १८२७ साली मांडलेला नियम आठवा : दाबातील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. मल्टिमीटर अत्यंत अल्प प्रवाह घेतो. प्रवाह जवळजवळ शून्य, म्हणून खराब जोडातील घटही जवळजवळ शून्य. खरा प्रवाह वाहू लागला म्हणजेच जोडाचा रोध उघडा पडतो. अडकलेल्या नळाचे असेच असते. तोटी बंद असताना पाण्याचा दाब भरपूर वाटतो आणि तोटी उघडली की नुसते थेंब पडतात.

पिन जळते कशी, तेही पाहू. समजा पावसाचे पाणी शिरून वा जोड सैल होऊन तेथे अर्धा ओहम रोध तयार झाला. प्रवाह १० अँपिअर असेल, तर उष्णता निर्माण होण्याचा वेग प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १० × १० × ०.५ = ५० वॅट. तुमच्या प्रयोगशाळेतला सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ वॅटचा असतो. तसे दोन सोल्डरिंग आयर्न त्या चिमुकल्या कप्लरमध्ये खुपसून ठेवल्यासारखेच झाले! उष्णतेने पिनेवर ऑक्साइडचा थर चढतो, थराने रोध वाढतो, वाढत्या रोधाने आणखी उष्णता. असे हे दुष्टचक्र पिन जळून जाईपर्यंत फिरत राहते.

दुरुस्ती सोपी होती. तारांची जळकी टोके स्वच्छ तांबे दिसेपर्यंत कापली. नव्या, जाड प्रवाहाला पुरणाऱ्या पिना पक्कडीने घट्ट दाबून बसवल्या, वर सोल्डर केले आणि पाणी न शिरणारा नवा कप्लर लावला. नुसता पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. तो पुढच्या बिघाडाचा पाया होय. शेवटी दुसरी पायरी पुन्हा केली. मीटरने १४.२ व्होल्ट दाखवले. दोष होता चार पैशांच्या पिनेचा आणि शिक्षा झाली होती निरपराध बॅटरीला.

चूक महाग पडते तेव्हा

अंदाजाने भाग बदलण्याची किंमत बॅटरीपुरतीच असते असे नाही. होंडा कंपनीची 'गोल्ड विंग' ही लांबच्या प्रवासासाठी जगभर नावाजलेली मोटारसायकल १९७५ साली विक्रीस आली. तिच्या १९८७ पर्यंतच्या नमुन्यांत जनित्राची वेटोळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, आत असत. ती बदलायची तर संपूर्ण इंजिन गाडीतून बाहेर काढावे लागे. आणि या गाड्यांतही जनित्र व रेग्युलेटर यांच्यामधला तीन पिवळ्या तारांचा कप्लर जळणे हा परिचयाचा बिघाड होता. कप्लर न पाहता 'कॉइल गेली' असे ठरवणाऱ्याने इंजिन उतरवण्याची सारी मेहनत फुकट केली असे समजा. १९८८ च्या नमुन्यात जनित्र इंजिनाच्या बाहेर, सहज काढता येईल असे बसवले गेले.

करून पहा

मोडक्या खेळण्यातली छोटी विद्युत् मोटर घ्या. तिच्या दांड्याला दोरा गुंडाळून झटक्याने ओढा. मोटरच्या दोन तारा आधी मोकळ्या ठेवा. दांडा सहज फिरेल. आता दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा ओढा. दांडा जड लागेल. तारा जोडल्यामुळे प्रवाह वाहू लागतो आणि तो आपल्याला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतो. हा लेन्झचा नियम, साल १८३४. गाडीतली वीजही फुकट नसते. तिची किंमत इंजिन पेट्रोलच्या रूपाने मोजते.

सावधगिरी

खऱ्या गाडीवरची मापे शिक्षकांच्या वा जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच घ्या. इंजिन बंद खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. बॅटरीजवळ ठिणगी वा काडी नको; तेथे हायड्रोजन असू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. दाब एकदम उसळून नाजूक भाग जळतात. पिवळ्या तारांतील दाब झटका देण्याइतका असतो, म्हणून उघड्या टोकांना हात लावू नका. आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही जोडू नका.

सोडवून पहा

१. पुतण्याने ५५ वॅटच्या दिव्याऐवजी २० वॅटचा दिवा लावला असता, तर अर्ध्या विजेवर नवी बॅटरी साधारण किती वेळ टिकली असती? दिव्याखेरीज बाकी खर्च तोच धरा आणि जनित्राकडून ५ अँपिअर मिळत होते असे समजा.

२. चालू गाडीत बॅटरीवर १६ व्होल्ट दाब दिसला. संशय कोणाचा घ्याल, आणि का?

३. एका प्रवाशाने गाडीला ५५ वॅटचे दोन जादा दिवे जोडले. गाडीत एकही भाग बिघडलेला नाही, तरी रोज रात्री बॅटरी उतरते. कारण सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मल्टिमीटरशिवाय, कागदावरच मिळेल. पुतण्याला वेर्ण्याच्या रस्त्यावर उभ्याउभ्या मिळाले होते, तसेच.